स्लीप अ‍ॅप्नियाचे उपचार आणि साधना: गाढ झोपेसाठी दोन्हींची सांगड कशी घालावी

आठ तास अंथरुणात काढूनही सकाळी डोकं जड, दुपारी बसल्या जागी पेंग, संध्याकाळी चिडचिड. असं सुरू झालं की काही जण जप, ध्यान, प्रार्थना, योगनिद्रा यांचा आधार घेतात आणि काही जण डॉक्टरांकडे जातात. दोन्ही उपाय खरे आहेत, पण त्यांची कामं वेगळी आहेत. घशातला श्वासमार्ग झोपेत मिटत असेल (हाच स्लीप अ‍ॅप्निया) तर तो कोणत्याही मंत्राने उघडा राहत नाही. आणि मन मध्यरात्री काळज्यांचे हिशेब मांडत बसलं असेल तर कोणतंही यंत्र त्याला निजवू शकत नाही. पुष्कळांना हे दोन्ही त्रास एकाच वेळी असतात. म्हणून आधी श्वास मोजून घ्यायचा, त्यावर उपचार सुरू करायचे आणि त्या उपचारांच्या जोडीला साधना बसवायची, हा क्रम आम्ही आग्रहाने सांगतो.

झोपेत घशात काय होतं

जागेपणी घशाचे स्नायू श्वासमार्ग ताणून धरतात. झोप लागली की ते सैलावतात, जीभ मागे सरकते, टाळूचा मऊ भाग खाली येतो. मार्ग मुळातच अरुंद असेल, म्हणजे मानेत चरबी साठलेली, टॉन्सिल मोठे किंवा खालचा जबडा मागे असेल, तर श्वास आत ओढताना घशाच्या भिंती एकमेकींना चिकटतात. छाती आणि पोट धडपडत राहतात, पण हवा आत जात नाही. असं निदान १० सेकंद झालं की त्याला अ‍ॅप्निया म्हणतात. हवेचा प्रवाह पूर्ण न थांबता बराच घटला आणि त्यासोबत ऑक्सिजन उतरला किंवा झोप चाळवली, तर तो हायपोप्निया.

रक्तातला ऑक्सिजन घसरला की मेंदू शरीराला क्षणभर जागं करतो. स्नायू ताठ होतात, मोठा घुरका येतो आणि श्वास पुन्हा सुरू होतो. ही जाग इतकी छोटी असते की सकाळी तिची आठवणही राहत नाही. तासाला असे प्रकार सरासरी किती होतात, तो आकडा म्हणजे एएचआय. मोठ्या माणसांत ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या वर तीव्र. एएचआय ३० म्हणजे दर दोन मिनिटांनी एकदा झोप मोडते. प्रत्येक वेळी नाडी आणि रक्तदाब उसळतात. औषधं घेऊनही आटोक्यात न येणाऱ्या रक्तदाबामागे अनेकदा हेच कारण निघतं. रात्री वारंवार लघवीला उठावं लागणं हासुद्धा याचाच परिणाम असू शकतो. बंद घशाविरुद्ध श्वास ओढताना हृदयावर ताण येतो आणि हृदयातून मूत्र वाढवणारं संप्रेरक सुटतं.

साधना करणाऱ्यांची इथे एका विशिष्ट ठिकाणी फसगत होते. स्वप्नांची झोप, म्हणजे रेम, पहाटेकडे वाढत जाते. त्या अवस्थेत स्नायू सर्वांत सैल असतात, म्हणून अ‍ॅप्नियाही तेव्हाच बळावतो. पहाटे तीन-साडेतीनला खडबडून जाग येते आणि ती ब्राह्ममुहूर्ताची हाक समजली जाते. ध्यानाला बसताच मान खाली जाते आणि तल्लीनता लाभली असं वाटतं. फरक ओळखणं अवघड नाही. जाग येताना छाती धडधडत असेल, तोंड कोरडं पडलं असेल, लघवीची घाई असेल, सकाळी डोकं दुखत असेल आणि डोळे मिटून बसलं की पाच मिनिटांत पेंग येत असेल, तर श्वासाची तपासणी करायला हवी. शांतपणे जाग आली आणि दिवसभर टवटवी टिकली, तर काळजीचं कारण नाही.

पायरी १: घरच्या घरी अंदाज घ्या

स्टॉप-बँग नावाची आठ प्रश्नांची चाचणी जगभर वापरली जाते. बंद दाराबाहेर ऐकू जाईल इतकं घोरता का? दिवसा थकवा किंवा झोप येते का? झोपेत श्वास थांबलेला कुणी पाहिलाय का? रक्तदाब आहे का? बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३५ च्या वर आहे का? वय ५० च्या पुढे आहे का? मानेचा घेर ४० सेंमीपेक्षा जास्त आहे का? पुरुष आहात का? प्रत्येक ‘हो’ला एक गुण. ० ते २ गुण म्हणजे धोका कमी, ३-४ म्हणजे मध्यम, ५ किंवा अधिक म्हणजे जास्त. मानेचा घेर टेपने कंठमण्याच्या पातळीवर मोजा, शर्टाच्या कॉलरवरून अंदाज बांधू नका.

दिवसाची झोप मोजायला एपवर्थ मापनश्रेणी आहे. वाचताना, टीव्ही पाहताना, गाडीत प्रवासी म्हणून तासभर बसल्यावर, अशा आठ प्रसंगांत डुलकी लागण्याची शक्यता ० ते ३ मध्ये लिहायची. बेरीज १० च्या वर गेली तर दिवसाची झोप प्रमाणाबाहेर आहे.

एकटे झोपत असाल तर दोन-तीन रात्री फोनवर आवाज ध्वनिमुद्रित करा. नुसत्या घोरण्याचा आवाज किती मोठा आहे यापेक्षा त्याची लय ऐका. घोरणं, मग एकदम शांतता, मग धाप लागल्यासारखा घुरका: ही लय महत्त्वाची.

स्त्रियांच्या बाबतीत ही चाचणी धोका कमी दाखवू शकते. त्यांच्यात मोठ्या घोरण्याऐवजी थकवा, डोकेदुखी, उदासी आणि झोप न लागणं अशा तक्रारी जास्त दिसतात, आणि रजोनिवृत्तीनंतर धोका वाढतो. ‘ताण आहे, ध्यान करा’ असा सल्ला त्यांनाच सर्वाधिक मिळतो आणि निदान वर्षानुवर्षं लांबतं.

लहान मूल रोज घोरत असेल तर ही मापं लावू नका. थकलेलं मूल पेंगण्याऐवजी चुळबूळ आणि हट्ट करतं, आणि मूळ कारण बहुधा वाढलेले टॉन्सिल व अ‍ॅडिनॉइड (नाकामागची ग्रंथी) असतं. त्याला थेट कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्या.

पायरी २: झोपेची तपासणी

प्रयोगशाळेतल्या तपासणीत, म्हणजे पॉलिसोम्नोग्राफीत, मेंदूच्या लहरी, डोळ्यांच्या हालचाली, हनुवटी आणि पायांचे स्नायू, हृदयाचे ठोके, श्वासाचा प्रवाह, छाती-पोटाची हालचाल आणि ऑक्सिजन असं सगळं रात्रभर नोंदलं जातं. घरच्या तपासणीत साधारणपणे श्वास, छातीची हालचाल आणि ऑक्सिजन एवढंच असतं. मध्यम किंवा तीव्र अ‍ॅप्नियाचा दाट संशय असेल आणि हृदय, फुप्फुस, मज्जातंतूंचा मोठा आजार नसेल तर घरची तपासणी पुरते.

तिची एक मर्यादा आहे. यंत्र झोपेचे तास मोजत नाही, नोंदणीचे तास मोजतं. सात तासांत तुम्ही चारच तास झोपलात तरी भागाकार सातानेच होतो आणि आकडा कमी दिसतो. म्हणून लक्षणं ठळक असूनही अहवाल स्वच्छ आला, तर प्रयोगशाळेतली तपासणी करून घ्या.

त्या रात्री नेहमीची औषधं नेहमीसारखीच घ्या, दुपारी झोपू नका, बोटाचं नेलपॉलिश काढून ठेवा. अहवाल हाती आल्यावर फक्त एएचआय पाहून फाईल बंद करू नका. पाठीवर आणि कुशीवर किती, रेममध्ये किती, ऑक्सिजन सर्वांत खाली किती गेला, ९०% च्या खाली किती वेळ राहिला, आणि प्रकार अडथळ्याचे आहेत की सेंट्रल, हे डॉक्टरांना विचारा. सेंट्रल अ‍ॅप्नियात घसा उघडा असतो, पण मेंदूकडून श्वासाचा आदेशच येत नाही. हृदय कमकुवत असताना किंवा अफूवर्गीय वेदनाशामकं चालू असताना तो दिसतो. त्याचे उपचार वेगळे असतात.

पायरी ३: सीपॅप आणि त्याची सवय

मध्यम आणि तीव्र अ‍ॅप्नियावर सर्वांत खात्रीचा उपाय सीपॅप हा आहे. ऑस्ट्रेलियातील कॉलिन सुलिव्हान यांनी १९८१ मध्ये तो मांडला. यंत्र मास्कमधून सतत दाबाची हवा देतं आणि तो दाब घशाच्या भिंतींना आतून आधार देतो. दाब साधारण ४ ते २० सेंमी पाण्याच्या मापात असतो. ऑटो यंत्र तो गरजेप्रमाणे कमी-जास्त करतं.

मास्क तीन प्रकारचे: नाकपुड्यांत बसणाऱ्या उशा, नाकावरचा, आणि नाक-तोंड झाकणारा. नाक मोकळं असेल तर नाकाचा मास्क घ्या, तो हलका असतो आणि त्यातून गळती कमी होते. मास्क उभं राहून बसवू नका. आडवं पडून, यंत्र चालू करून, हवा आत येत असताना पट्टे जुळवा, कारण आडवं झाल्यावर चेहऱ्याचा आकार बदलतो. पट्ट्याखाली एक-दोन बोटं जायला हवीत. गळती थांबवण्यासाठी पट्टा आवळत गेलं की मास्कची गादी (चेहऱ्याला टेकणारी मऊ कड) चपटी होते आणि गळती उलट वाढते.

पहिल्या रात्रीच मास्क लावून झोपायचा प्रयत्न करणाऱ्यांपैकी कित्येक जण घुसमटून तो काढून टाकतात. इथे साधना खऱ्या अर्थाने उपचाराचा भाग होऊ शकते. क्रम असा ठेवा.

पहिले दोन-तीन दिवस संध्याकाळी खुर्चीत बसून नळी न जोडलेला मास्क हाताने चेहऱ्यावर धरा, पाच ते दहा मिनिटं. घाबरल्यासारखं वाटलं की लगेच बाजूला करता येतो, एवढा भरवसा मनाला आधी मिळायला हवा. पुढचे दोन-तीन दिवस नळी जोडून, यंत्र कमी दाबावर चालू ठेवून, पट्टे लावून वीस मिनिटं बसा. या वीस मिनिटांत रोजचा जप किंवा प्रार्थना करा, मात्र मनातल्या मनात. नाकाचा मास्क असताना तोंड उघडून उच्चार केला तर हवा तोंडातून निसटते आणि घसा कोरडा पडतो. त्यानंतर तोच जप आडवं पडून, आणि शेवटी रात्री झोपताना. बहुतेक यंत्रांत रॅम्पची सोय असते: दाब कमी पातळीवर सुरू होऊन ठरलेल्या वेळात वाढत जातो. रॅम्प २० मिनिटांचा ठेवा आणि तेवढाच वेळ जपाला द्या. मास्क आणि शांतता यांची मनात जोडी जमली की विरोध मावळतो. माळेला हात लावला की मन स्थिरावतं, तसंच मास्कचंही व्हायला लागतं.

अडचणी बहुधा याच येतात. नाक कोरडं किंवा चोंदलेलं राहिलं तर ह्युमिडिफायरचा (यंत्रातली हवा दमट करणाऱ्या भागाचा) आकडा वाढवा. नळीत पाणी साचून गुडगुड आवाज आला तर आकडा कमी करा, किंवा नळीला कापडी वेष्टन घाला. सकाळी तोंड कोरडं असेल तर तोंड उघडं राहतंय, तेव्हा हनुवटीचा पट्टा किंवा पूर्ण चेहऱ्याचा मास्क लागेल. पोट फुगलं तर हवा गिळली जातेय, दाबाबद्दल डॉक्टरांशी बोला. नाकाच्या वरच्या हाडावर लाल वळ उठला तर पट्टा फार घट्ट आहे किंवा माप चुकलंय. झोपेत नकळत मास्क काढला जात असेल तर स्वतःला दोष देऊ नका. बहुतेकदा गळती किंवा अपुरा दाब हे कारण असतं.

मास्कची गादी रोज सौम्य साबणाच्या पाण्याने पुसा, नळी आणि पाण्याचं भांडं आठवड्याला धुवा, भांड्यात रोज ताजं डिस्टिल्ड पाणी घाला. साध्या पाण्याने क्षार साचतात. ओझोनने स्वच्छता करणारी उपकरणं टाळा.

यंत्राच्या नोंदीत तीन गोष्टी पाहा: वापराचे तास, गळती आणि उरलेला एएचआय. तो ५ च्या खाली असावा. ‘रात्री चार तास पुरे’ असं पुष्कळदा सांगितलं जातं. तो वापर मोजण्याचा किमान निकष आहे. पहाटे मास्क काढून ठेवला तर नेमकी रेमची झोप उघडी पडते. दुपारची डुलकीसुद्धा मास्क लावूनच घ्या.

सीपॅपशिवायचे मार्ग

सौम्य ते मध्यम अ‍ॅप्नियात दंतवैद्याने मापाने बनवलेलं, खालचा जबडा पुढे धरणारं उपकरण उपयोगी पडतं. ते घालून पुन्हा झोपेची तपासणी करावीच लागते, कारण घोरणं थांबलं तरी अ‍ॅप्निया उरलेला असू शकतो. फक्त पाठीवर झोपल्यावर त्रास होत असेल तर पाठीमागे उशी किंवा पट्टा लावून कुशीवर झोपण्याची सवय करा. वजन जास्त असेल तर १०% घटीनेही एएचआय लक्षणीय उतरतो. झोपण्याआधीची दारू आणि मनाने घेतलेल्या झोपेच्या गोळ्या घसा आणखी सैल करतात, त्या बंद करा.

जीभ आणि टाळूच्या व्यायामांवर चांगलं संशोधन झालंय. ब्राझीलमधल्या २००९ च्या अभ्यासात मध्यम अ‍ॅप्निया असलेल्यांचा एएचआय तीन महिन्यांच्या व्यायामाने सरासरी २२ वरून १४ च्या आसपास आला. जिभेचं टोक वरच्या दातांमागे लावून टाळूवरून मागे सरकवा. पूर्ण जीभ टाळूला चिकटवून वर ओढून धरा. टोक खालच्या दातांना टेकवून जिभेची मागची बाजू खाली दाबा. ‘आ’ म्हणत पडजीभ वर उचला. प्रत्येकी २० वेळा, दिवसातून तीनदा. महिनाभरात सोडून दिलं तर फायदा ओसरतो. २००६ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये डिजरीडू हे फुंकवाद्य चार महिने वाजवणाऱ्यांतही सुधारणा दिसली. गाणं, दीर्घ ओंकार यांतही घशाचे स्नायू राबतात, म्हणून ते जरूर करा. फक्त त्यांना उपचाराच्या जागी बसवू नका.

पायरी ४: संध्याकाळची साधना

जपाने मन का निवतं याचं शारीरिक उत्तर आहे. इटलीतल्या लुचानो बर्नार्दी यांच्या २००१ मधील अभ्यासात रोझरीची (कॅथलिक ख्रिस्ती जपमाळेची) प्रार्थना आणि ‘ॐ मणि पद्मे हूँ’ हा मंत्र म्हणताना लोकांचा श्वास आपसूक मिनिटाला सुमारे सहापर्यंत मंदावला, आणि रक्तदाब सांभाळणारी प्रतिक्षिप्त क्रिया अधिक संवेदनशील झाली. मंत्र कोणत्या धर्माचा, याने फरक पडला नाही. लय तीच होती.

झोपेच्या तासभर आधी दिवे मंद करा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. नाक चोंदत असेल तर आताच नेती (मिठाच्या पाण्याने नाक धुणं) करा: २५० मिली कोमट पाण्यात साधारण सव्वादोन ग्रॅम मीठ. पाणी उकळून निवलेलं किंवा डिस्टिल्डच हवं, नळाचं कच्चं पाणी नाकात घालू नका. मग खुर्चीत ताठ बसा. चार सेकंदात श्वास आत, सहा सेकंदात बाहेर. उच्छ्वासावर नाम किंवा मंत्र ठेवा. दहा मिनिटं पुरतात. आवडत असेल तर भ्रामरीची (भुंग्यासारखा गुंजारव करत श्वास सोडण्याची) पाच-सात आवर्तनं करा. गुंजारवाने नाकातल्या नायट्रिक ऑक्साइडचं प्रमाण वाढतं, असं मोजलं गेलंय. कपालभाती, भस्त्रिका सकाळसाठी ठेवा, ती उत्तेजित करतात. लांब कुंभक टाळा, विशेषतः रक्तदाब असेल तर. रात्रभर ऑक्सिजनची उतरंड सोसणाऱ्या शरीराला श्वास रोखायचा आणखी सराव नको.

योगनिद्रा सहसा शवासनात शिकवतात, आणि अ‍ॅप्निया असलेल्याला हीच स्थिती सर्वांत वाईट. उताणं पडून झोप लागली की जीभ मागे गेलीच. योगनिद्रा कुशीवर करा, नाहीतर मास्क लावून करा. ध्वनिफितीला ३० मिनिटांचा टायमर लावा.

जपाला झोपेची गोळी बनवणं ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे. ‘एवढ्या माळा झाल्या, अजून झोप नाही’ असा हिशेब सुरू झाला की मन पहारा देऊ लागतं. साधना खुर्चीत पूर्ण करा, डोळे जड झाल्यावरच अंथरुणात जा. मास्क लावून आडवं झाल्यावरचा जप त्या मोजणीत धरू नका, तो चालला तिथवर चालू द्या. साधारण वीस मिनिटं झोप लागली नाही असं वाटलं (घड्याळ न पाहता) तर उठा, मंद उजेडात बसून नामस्मरण करा, पेंग आली की परत जा. सकाळी उठायची वेळ रोज एकच ठेवा.

अ‍ॅप्निया आणि निद्रानाश दोन्ही असतील तर निद्रानाशासाठीची वर्तनोपचार पद्धत, सीबीटी-आय, आधी किंवा सोबत केल्याने सीपॅपचा वापरही वाढतो. तिच्यातला अंथरुणातले तास कमी करण्याचा भाग मात्र तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच करा. दिवसा आधीच पेंगणाऱ्याला तो धोक्याचा ठरू शकतो.

पहाटे चारला साधनेला उठायचं असेल तर रात्री नऊला झोपलं पाहिजे. झोप कापून केलेल्या साधनेत तंद्रीच वाट्याला येते. शिबिराला जाताना यंत्र सोबत न्या आणि निवासाच्या खोलीत विजेचा सॉकेट आहे का, हे नोंदणी करतानाच विचारा.

प्रार्थनेने, हातांच्या स्पर्शाने किंवा ऊर्जा-उपचाराने मनाला धीर मिळत असेल तर तो जरूर घ्यावा, त्या धीराची किंमत आम्ही जाणतो. पण कुणी ‘यंत्र सोडा, रक्तदाबाची गोळी बंद करा’ असं सांगितलं तर तिथून उठून या. अ‍ॅप्निया बरा झाला की नाही हे पुन्हा केलेल्या तपासणीतला आकडा सांगतो. त्यात उपचार करणाऱ्याची श्रद्धा किंवा रुग्णाची भावना पुरावा होत नाही.

घाई कुठे करावी

गाडी चालवताना एकदा जरी डोळा लागला असेल तर उपचार सुरू होऊन झोप सुधारेपर्यंत गाडी चालवू नका. खिडकी उघडणं, गाणी लावणं यांनी झोप टळत नाही. पायांवर सूज, आडवं पडल्यावर धाप, छातीत दुखणं असेल तर झोपेच्या तपासणीची वाट न पाहता डॉक्टरांना गाठा. कोणतीही शस्त्रक्रिया किंवा गुंगी देऊन करायची तपासणी ठरली, तर भूलतज्ज्ञांना अ‍ॅप्नियाची कल्पना द्या. भूल आणि तीव्र वेदनाशामकं घसा सैल करतात आणि जाग येण्याची क्रियाही दाबतात. निदान झालेलं नसलं तरी घोरण्याचं आणि स्टॉप-बँगच्या गुणांचं सांगा. सीपॅप असेल तर मास्कसकट रुग्णालयात न्या आणि शुद्धीवर येतानाच तो लावायला सांगा.